चुलीमागे एक मत

माझ्या सुनेने वेगळी चूल मांडली, ही बातमी मला पोदेराने दिली. पोदेर म्हणजे आमचा पाववाला. रोज सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येतो आणि दाराला अडकवलेल्या पिशवीत चार उंडे टाकून पुढे जातो. त्या दिवशी मात्र तो थांबला. मी बाहेर आले तर त्याने दाराकडे बोट दाखवलं. आमच्या नेहमीच्या पिशवीशेजारी आणखी एक पिशवी लटकत होती. निळी, स्वच्छ धुतलेली, लहानशी.

"बाय, आजसून दोन पिशव्यो? सोयरे आयल्यात?"

मी म्हटलं, "नाय रे. टाक दोनूय पिशवेंत." त्याने टाकले आणि गेला. तो देवळाच्या वळणापर्यंत पोचायच्या आत सगळ्या वाड्याला कळलेलं असणार. पोदेर आहे तोवर आमच्याकडे वर्तमानपत्राची गरज नाही.

मी परसात गेले. कपडे धुण्याच्या सिमेंटच्या टाकीशेजारी सुनेने जांभ्याचे तीन चिरे मांडले होते. वर ॲल्युमिनियमचं टोप, टोपात उकडा भात रटरटत होता. घरात गॅसच्या दोन शेगड्या असताना ती धुरात डोळे चोळत उकिडवी बसली होती.

"ह्या काय गो?" मी विचारलं.

"चूल, आई," ती म्हणाली. "मी येगळी चूल मांडलंय. आता माका मत आसा."

भांडण नव्हतं, आवाज चढलेला नव्हता. तिने टोपावर झाकण ठेवलं आणि चादरी पिळायला लागली. मी तशीच उभी राहिले, कारण यात दोष माझा होता आणि तो तिला आणि मला दोघींना माहीत होता. तो कसा, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मी पेडणे तालुक्यातली. मराठी शाळेत मास्तरीण होते, आता निवृत्त. आमच्या गावाचे दोन भाग आहेत. एक किनाऱ्याकडचा, जिथे गेस्टहाऊस, शॅक, भाड्याच्या स्कूटर आणि नाना देशांचे पाहुणे. दुसरा आमचा वाडा, टेकडीच्या अलीकडे, शेतं, खाडीचा एक फाटा आणि वर सडा, म्हणजे कातळाचा मोकळा माळ. पंचायत दोघांची एकच. पण पंचायतीचं ऑफिस किनाऱ्याकडे, पंच बहुतेक किनाऱ्याकडचे, रस्त्यावरचे दिवेही किनाऱ्याकडचेच. आमच्या वाट्याला काय आलं, तर कचरा. किनाऱ्यावरच्या गेस्टहाऊसांचा कचरा ट्रकमध्ये भरून आमच्या सड्यावर आणून ओतायचं, हे पंचायतीने कधी ठरवलं ते आम्हांला कोणी सांगितलं नाही. एक दिवस ट्रक आला आणि मग येतच राहिला. तिकडे मोरजीला कासवाच्या अंड्यांनाही राखण असते, काठ्या रोवतात, दोरी बांधतात, माणूस बसवतात. आमच्या सड्याला ना दोरी ना माणूस. पावसात वरचं घाण पाणी विहिरींकडे उतरायला लागलं तेव्हा वाड्याचं डोकं फिरलं. आम्ही म्हटलं, आमची पंचायत वेगळी करा.

ग्रामसभेत हा विषय मी मांडला. कागद लिहायचा, उभं राहून बोलायचं, ही कामं गावात मास्तरणीच्या गळ्यात पडतात आणि मलाही ती आवडतात, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, आमच्या वाड्यात मतदान घ्या. शांतपणे, एका दिवशी. वाड्याला वेगळं व्हायचं असेल तर तसा ठराव वर पाठवा. नसेल तर विषय संपला.

सरपंच माझा विद्यार्थी. दुसरीत असताना त्याला सातचा पाढा येत नसे. तो हसला. "बाई, असा मतदान कायद्यात बसना. आणि आज वाडो येगळो मागता, फाल्यां घर येगळां मागतला, परवां चूल. मगे पंचायत आमी कोणाची करतलंव?"

सभा हसली. मला राग आला की माझा आवाज बारीक होतो, शाळेतली मुलं त्याला फार घाबरायची. मी म्हटलं, "मागूंदे. चूल मागता तर चुलीक इचार. इचारूंक तुझां काय जाता?"

हे वाक्य मी बोलले. सभेत, सगळ्यांसमक्ष. पुढे ते माझ्याच परसात येऊन उभं राहिलं.

विचारायला काय जातं, हे मी शिकले माझ्या वडिलांकडून. मी लहान असताना गोव्यात जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात जायचा की वेगळा राहायचा, हे लोकांना विचारलं गेलं. जायचं असेल तर फूल, राहायचं असेल तर दोन पानं. आमच्या पेडण्यात आणि तिकडे डिचोलीत फुलाची हवा होती. वडिलांनी धुतलेलं धोतर नेसून फुलावर शिक्का मारला, मला खांद्यावर बसवून नेलं होतं. फूल हरलं. वाड्यातले लोक दोन दिवस सुतकात असल्यासारखे बसून होते. वडील तिसऱ्या दिवशी नांगर घेऊन शेतात गेले. कोणीतरी बांधावरून विचारलं, "काय, हरलंव मां?" वडील म्हणाले, "हरलंव. पूण माका इचारलां होतां. माझ्या बापाशीक पोर्तुगेजांन कधी इचारूंक नाय." त्यानंतर ते मरेपर्यंत फुलाच्याच बाजूचे राहिले, आणि मरेपर्यंत गोव्याला आपलं म्हणत राहिले. दोन्हींत त्यांना काही विसंगत वाटलं नाही. मलाही वाटत नाही.

म्हणून टीव्हीवर कुठल्या दूरच्या देशातला एखादा प्रांत मतदान घेऊन वेगळं व्हायचं म्हणतो आणि इकडे कोट घातलेले लोक डोळे मोठे करून देश फुटेल, जग बुडेल असं ओरडतात, तेव्हा मी आवाज बंद करते. ज्यांना जायचंय त्यांना धरून ठेवता येतं, पण त्याला एकत्र राहणं म्हणत नाहीत, कोंडून ठेवणं म्हणतात. बंदूक काढली, घरं जाळली, तर मी त्यांच्या विरुद्ध पहिली. पण हातात नुसतं मत घेऊन कोणी उभा असेल, तर त्याला विचारावं. उत्तर मनासारखं नाही आलं तर नाही आलं. हे माझं मत मी डिचोलीला नात्यातल्या एका लग्नात सांगितलं तेव्हा अर्धी पंगत माझ्यावर तुटून पडली. एक म्हणाला, देश म्हणजे काय पोरखेळ आहे? मी म्हटलं, पोरखेळ नाही म्हणूनच विचारायचं. पोरांना आपण कुठे विचारतो?

असं ताठ मानेने बोलणारी मी. आता माझी चूक ऐका.

पंचायत मतदान घेणार नाही म्हटल्यावर वाड्याने ठरवलं, आपण आपलं घेऊ. देवळाच्या मांडवात, एका रविवारी. ठराव लिहू, सह्या करू, पेडण्याच्या कचेरीत नेऊन देऊ. कायद्यात बसो न बसो, निदान आम्ही काय म्हणतो ते कागदावर तरी येईल. पण मत कोणी द्यायचं? मी म्हटलं, अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने. तेव्हा देवळाचे मुख्य मानकरी, वाड्यातले सगळ्यांत वडीलधारे, काठी आपटून म्हणाले, "आमची रीत काय ती चलतली. जत्रेक नारळ चुलीमागे एक, परसाद चुलीमागे एक. मत पण चुलीमागे एक."

ही रीत मी जन्मापासून पाहत आलेय. आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, चुली मोजतात. एका घरात दोन भाऊ जेवायला वेगळे झाले की दोन चुली, एकत्र असले की एक. आता सगळ्यांकडे गॅस आला, चुलीवर फक्त आंघोळीचं पाणी तापतं, तरी यादीत नाव चुलीचंच. चूल घरकर्त्या पुरुषाच्या नावावर, तो नसला तर विधवेच्या. आमचे हे गेल्यापासून आमच्या घरची चूल माझ्या नावावर आहे. मुलगा डिचोलीला खाणीच्या ट्रकवर, आठवड्यातून एकदा येतो, त्याने त्यात कधी लक्ष घातलं नाही.

मी उभी राहून भांडायला हवं होतं. शाळेत मुलींना पुढच्या बाकावर बसवा म्हणून मी हेडमास्तरांशी भांडले आहे. त्या दिवशी मी गप्प बसले. कारण मला हिशेब कळत होता. घरकर्ते पुरुष बहुतेक वेगळं व्हायच्या बाजूचे. बायका मात्र किनाऱ्यावर कामाला जाणाऱ्या. कोणी गेस्टहाऊसात झाडलोट करते, कोणी स्वयंपाक, कोणी माझ्या सुनेसारखी चादरी धुते. त्यांना किनाऱ्याशी वाकडं नको होतं. प्रत्येकाला मत दिलं तर आपण हरू, आणि चुलीमागे दिलं तर जिंकू, हे माझ्या डोक्यात लख्ख होतं. मी यादी करायचं काम मागून घेतलं आणि घरी आले.

सून तेव्हा ओसरीवर चादरींच्या घड्या करत होती. ती सावंतवाडीकडची, लग्न होऊन इथे आली, आमच्याच वाड्यातली पहिली बाई जिने कर्ज न काढता धुण्याचं मशीन घेतलं. तिने विचारलं, "आई, माका इचारतले मां?"

"आपल्या घराचं एक मत. मी घालते," मी म्हटलं. "तुझं नि माझं काय वेगळं आहे?"

ती म्हणाली, "येगळा आसा. कचरो तेंचो, तसा कामय तेंचाच. तुमका पेन्शन आसा. माका चादरी आसत."

मी म्हटलं, "बघू." बघू म्हणजे नाही, हे तिलाही कळतं. सरपंचाने मला दिलेलं उत्तर आणि मी तिला दिलेलं उत्तर यात फरक एवढाच, की तो हसत बोलला आणि मी चहा पीत. तिने घडी पूर्ण केली आणि आत गेली.

यादी सुरू झाली तशी गंमतही सुरू झाली. वाड्याच्या टोकाला दोन भाऊ राहतात, एका ताटात जेवतील इतकं प्रेम. त्यांच्या लक्षात आलं की आपण वेगळे जेवलो तर मतं दोन. दुसऱ्या दिवशी धाकट्याने अंगणात चूल मांडली. त्याची बायको इतकी लाजली की तिने पहिला भात जाळला. मानकऱ्यांकडे प्रकरण गेलं. दोघेही भाऊ वेगळं व्हायच्या बाजूचे, हे सगळ्यांना माहीत. मानकऱ्यांनी डोळे मिटून थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि निकाल दिला. रविवारच्या आत ज्या चुलीवर भात शिजला आणि ज्या चुलीचा नारळ देवळात पोचला, ती चूल खरी. मी तो नियम यादीच्या वर सुवाच्य अक्षरात लिहून घेतला. चाळीस चुलींच्या एकेचाळीस झाल्या.

आणि मग ती निळी पिशवी आली.

परसातून मी घरात गेले, आणि थोड्या वेळाने बघते तर सून भात उतरवून, साडी बदलून, नारळ घेऊन देवळाकडे निघालेली. भटजींनी तिच्या चुलीच्या नावाने देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला, एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, परत दिली. सगळं रीतीप्रमाणे. संध्याकाळी मानकरी काठी टेकत आमच्या ओसरीवर आले.

"ती चूल यादीत घालू नको," ते म्हणाले. "ती खोटी चूल. ती भायली बाय. तुझ्याच घरातली असान तुझ्या इरुद्ध मत घालतली."

माझ्या मनातही नेमकं हेच होतं, आणि त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला त्याची शरम वाटली. सून आत इस्त्री करत होती. इस्त्रीचा आवाज थांबला होता.

मी म्हटलं, "खोटी कशी? अख्ख्या वाड्यात लाकडावर शिजलेला भात फक्त तिचा नि त्या टोकाच्या धाकट्या भावाचा. तुमचा माझा सगळ्यांचा गॅसवरचा. चूल मोजायचीच म्हटली तर यादीत दोनच नावं राहतात. काढू का तुमचं?"

"बाई, तू हरतलंस."

"हरीन. पण ती भायली असं परत माझ्या ओसरीवर म्हणू नका. किनाऱ्यावरचे लोक आपल्याला हेच म्हणतात, टेकडीच्या भायले."

ते उठून गेले. मी यादी काढली आणि बेचाळिसाव्या ओळीत सुनेचं नाव लिहिलं. तिच्या नवऱ्याचं नाही, तिचं. आतून इस्त्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला. मोठेपणा वगैरे काही वाटला नाही मला. मला अजूनही जिंकायचं होतं.

मतदानाची रीत आम्हीच बसवली. प्रत्येक चुलीला एक सुपारी आणि एक हळकुंड. वेगळं व्हायचं तर तांब्याच्या कळशीत सुपारी टाकायची, नको तर हळकुंड. उरलेलं शेजारच्या झाकलेल्या टोपलीत. कळशीवर पंचा, हात पंचाखाली, म्हणजे कोणाला दिसायला नको. आदल्या दिवशी रंगीत तालीम घेतली तर लक्षात आलं की सुपारी तांब्यात टणकन वाजते आणि हळकुंड नुसतं खसकन पडतं. मांडवाच्या कोपऱ्यात बसलेल्या एका म्हातारीने डोळे मिटून सात जणांची मतं बरोब्बर सांगितली. मग कळशीच्या तळाशी पसाभर सालासकटचं भात घातलं आणि वाड्याचं गुपित वाचलं.

रविवारी सगळे आले. भांडण नाही, आरडाओरडा नाही, धाकट्या भावाची बायको तेवढी अजून लाजत होती. सून माझ्या मागून सतरा माणसं सोडून रांगेत उभी राहिली. चार बायका, ज्यांना मत नव्हतं, मांडवाबाहेर उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या. तिने पंचाखाली हात घातला, काढला, पदराला पुसला आणि घरी गेली. त्या दिवशी तिच्याकडे तीस चादरी होत्या.

मोजायला मीच बसले. एकवीस सुपाऱ्या. एकवीस हळकुंडं. वेगळं व्हायचं तर निम्म्याहून जास्त हवं, हे आधीच लिहिलेलं होतं. म्हणजे वाडा राहिला, पंचायत एकच. त्यातही मजा अशी, की सुनेचं एक सोडलं तर बाकीची वीस हळकुंडं बहुतेक घरकर्त्या पुरुषांचीच. ओसरीवर वेगळं व्हायच्या गप्पा मारणाऱ्यांचा हात पंचाखाली गेल्यावर बायकोचा झाला होता. बाहेरून जे दिसत होतं तेच माझ्या हिशेबात होतं, आणि माझा हिशेब चुकला. सातचा पाढा मलाच येत नव्हता म्हणायचा.

मांडवात गलका झाला. बेचाळिसावी चूल काढा, एकवीस-वीस होतात, आपण जिंकतो. कोणी म्हणालं, देवाचा कौल घ्या. मानकऱ्यांनी त्या गलक्यात भाग घेतला नाही, त्यांना निदान तेवढी लाज होती. मी कळशी मांडीवर घेतली आणि म्हटलं, "ज्याला तिची चूल काढायचीय त्याने धाकट्या भावाचीही काढावी. मग वीस-वीस. तेव्हाही निम्म्याहून जास्त नाही. आणि देवाला यात ओढू नका. विचारलं होतं माणसांना. उत्तर आलंय." मग मी ठराव लिहिला. वाड्याला विचारलं, वाडा नको म्हणाला. खाली पहिली सही माझी केली. अक्षर चांगलं आलं नाही.

वडिलांसारखं तिसऱ्या दिवशी नांगर घेऊन जाणं मला जमलं नाही. मी पंधरा दिवस सुनेशी कामापुरतं बोलले. राग मतदानाचा नव्हता असं मी स्वतःला सांगत होते, पण होताच. तिची चूल तशीच राहिली, पिशवी तशीच राहिली. ती गॅसवर माझा स्वयंपाक करायची आणि संध्याकाळी परसात आपल्या चुलीवर आपलं कालवण शिजवायची. तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, आमटीचा वास माझ्या खोलीपर्यंत यायचा. मुलगा डिचोलीहून आला तेव्हा दोन्हीकडे जेवला आणि म्हणाला, "माका बरां पडता." मूर्ख.

मग एका सकाळी ट्रक आला. किनाऱ्यावरच्यांना बातमी पोचली होती की वाडा नको म्हणाला. त्यांनी तिचा अर्थ आपल्या सोयीने लावला. एकाऐवजी दोन ट्रक सड्याच्या वाटेला लागले. मी ओसरीवर होते. ट्रकचा तो आचरट भोंगा ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मनात पहिलं काय आलं असेल, तर भोग आता. तिला उद्देशून. हेही सांगून टाकते.

ती परसातून आली ती ओल्या हातांनी, खांद्यावर दोरीचं भेंडोळं. तिने दोरीचं एक टोक रस्त्याच्या पलीकडच्या फणसाला बांधलं आणि दुसरं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आई, ह्या तुमच्या खांबाक बांधा."

मी बांधलं. का ते विचारलं नाही. तिने टाकीतून चादरी काढल्या आणि त्या दोरीवर, रस्त्यावर आडव्या, एकामागून एक वाळत घालायला लागली. गेस्टहाऊसच्या चादरी, पांढऱ्या, कोपऱ्यावर गेस्टहाऊसचं नाव विणलेल्या. त्या चार बायका, ज्यांना मत नव्हतं, आपापल्या घरचं धुणं घेऊन आल्या. त्यांनी दुसरी दोरी बांधली. बघता बघता रस्ता पांढरा झाला. पहिला ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरने चादरींकडे बघितलं, आपल्या ट्रकमधून गळणाऱ्या पाण्याकडे बघितलं, आणि इंजिन बंद केलं. मालकाच्याच चादरींतून मालकाचाच कचरा नेण्याची हिंमत त्याला होईना.

थोड्या वेळाने सरपंच स्कूटरवरून आला. "ह्या काय चल्लां? तुमीच म्हटलां मां, येगळां होवचां नाय म्हणान?"

"व्हय, म्हटला," सून म्हणाली. तिच्या हातात चिमटे होते. "येगळा होऊचा नाय. आमी तुमच्या पंचायतीत रवलव. म्हंजे आता ती आमचीय पंचायत. आमच्या सड्यार काय टाकूचा ता आमका इचारल्याबगर ठरवूचा नाय. आमी रवलव ता इचारूसाठी, कचरो खावसाठी न्हय."

मला इतकी वर्षं हे कळलं नव्हतं. मला वाटायचं, विचारा म्हणायचं आणि उत्तर हवं तसं आलं नाही की ताठ मानेने हरायचं, झालं. जो राहतो तोही विचारलं पाहिजे म्हणू शकतो, किंबहुना त्याचा हक्क जास्त, हे मला एका चादरी धुणारीने भर रस्त्यात शिकवलं. टीव्हीवरच्या त्या प्रांतांबद्दल माझं मत आजही तेच आहे. त्यांना विचारा. फक्त आता मी एक पुढचं म्हणते. त्यांच्या आत जी शेवटची चूल आहे तिलाही विचारा, आणि राहिले तर रोज विचारा.

सरपंचाने घाम पुसला आणि माझ्याकडे वळला. शाळेत वही विसरली की असाच चेहरा करायचा. "बाई, तुमी तरी सांगा गो तिका. तुमची सून मां ती?"

माझ्या खांबाची गाठ सैल झाली होती. मी ती सोडून पुन्हा आवळून बांधली.

"सून माझी," मी म्हटलं. "पूण चूल तिची येगळी. तिका इचार."